तेराचं ॲव्हरेज

"एकवीस पॉइंट चार," पुष्कर म्हणाला आणि त्यानं मोबाइल शामरावच्या नाकासमोर धरला. "देख लो, शामकाका. मी स्वतः चालवली. शनिवार, रविवार, दोन दिवस. टाकी फुल करून निघालो, परत फुल करून मोजलं. एकवीस पॉइंट चार."

शामराव पोर्चमध्ये उभा होता. हातातलं गाडी पुसायचं पिवळं फडकं अजून ओलंसुद्धा केलेलं नव्हतं. डॉक्टर निरंजन वेताच्या खुर्चीत पेपर उघडून बसले होते, पण मघापासून त्यांनी पान उलटलं नव्हतं. शनिवार-रविवारची सुट्टी त्यांनी शामरावला आपण होऊन दिली होती, हसत हसत, "जा, जरा आराम कर" म्हणत. तेव्हाच त्याला थोडं नवल वाटलं होतं.

"मंग चांगलं झालं ना," शामराव म्हणाला, आणि त्याला खरंच हायसं वाटलं होतं. दोन महिने त्या गाडीनं त्याचा जीव नकोसा केला होता. "मले वाटून राहिलं होतं, तिची बॅटरीच गेली का काय."

"बॅटरी ठीक आहे. गाडी ठीक आहे." पुष्करनं मोबाइल खिशात टाकला. "मी चालवतो तर एकवीस. तुम्ही चालवता तर तेरा. बाकी का पेट्रोल किधर जाता है, काका?"

शामरावला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यानं पुष्करकडे नाही, डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांच्या या पोराला त्यानं के.जी.पासून बारावीपर्यंत शाळेत सोडलं होतं, गाडीत ओकला तर स्वतःच्या रुमालानं त्याचं तोंड पुसलं होतं. त्याच्या बोलण्याचं काय घेऊन बसायचं! पण डॉक्टर तरी काही बोलतील की नाही?

डॉक्टर बोलले. "हे बघ शामराव, चोरी हा शब्द मी वापरत नाही. पण आकडे खोटं बोलत नाहीत ना रे. इथं रायपुरात आपला मराठी माणूस म्हणून एकोणीस वर्षं मी तुला कधी विचारलं नाही. दुसरा कुणी असता तर सरळ ठाण्यात दिला असता."

"साहेब, मी पेट्रोल काढाच्या नळीले आजपर्यंत हात नाही लावला. नीलिमाची आन घेऊन सांगतो."

"मुलीची आन कशाला घेतोस?" आतून झोपाळ्यावरून डॉक्टरांच्या आई, वनमालाबाई, म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तोच तर वैताग होता. "मागायचं होतं रे, शामराव. मागितलं असतंस तर आम्ही नाही म्हटलं असतं का?"

शामरावनं मान वळवली. बंगल्याच्या बाजूच्या बोळात तारेवर मागच्या सीटचं कव्हर वाळत होतं. त्यावर चहा सांडला म्हणून आजींनी शुक्रवारी संध्याकाळी धुवायला काढलं होतं आणि शामराव सुट्टीवर, म्हणून ते तसंच तारेवर राहिलं होतं. शामरावच्या बायकोनं, मायानं शिवलेलं. कडेची लाल पायपिंग इथूनसुद्धा दिसत होती. कुठंतरी बघायचं म्हणून तो तिकडंच बघत राहिला.

मग त्यानं खिशातून दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या काढून टीपॉयवर ठेवल्या. छोट्या गाडीची किल्ली अंगठ्याच्या जागी घासून गुळगुळीत झाली होती. फडकं घडी करून त्यावर ठेवलं आणि चपला घालून तो समता कॉलोनीच्या त्या गेटमधून बाहेर पडला.

आता हे ॲव्हरेज प्रकरण नीट सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की काय चार लिटर पेट्रोलसाठी एवढं रामायण!

रायपुरातल्या ड्रायव्हर लोकांत माणूस कसा आहे हे त्याच्या ॲव्हरेजवरून ठरतं. मालकाला गाडीचं ॲव्हरेज माहीत असतं, ड्रायव्हरला मालकाचं लक्ष किती आहे ते माहीत असतं, आणि या दोहोंच्या मधे जे उरतं ते रबरी नळीनं कॅनमध्ये उतरतं. कॉलोनीच्या वळणावर कडुलिंबाखाली ड्रायव्हर बसायचे, त्यांच्यात शामरावची थट्टा ठरलेली. "काय रे, काय मेडल देऊन राहिला का तुले डॉक्टर?" शामराव हसायचा. मेडल नाही, पण एक गोष्ट त्याच्याजवळ होती. डॉक्टरांची छोटी गाडी अकरा वर्षं त्याच्या हातात होती आणि शहरात तिनं सोळाच्या खाली एकदाही दिलं नव्हतं. धमतरी रोडवर काढली की अठरा. तशीच गाडी शेजारच्या वकिलांकडे होती, ती बारा द्यायची. डॉक्टर पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे, "गाडीचं नाही हो, हे आमच्या शामरावच्या पायाचं ॲव्हरेज आहे." ते वाक्य शामरावनं घरी येऊन मायाला शब्दाला शब्द सांगितलं होतं, आणि एकदा नाही, तीन-चारदा.

ती छोटी गाडी बोलायची. तिसऱ्या गिअरमध्ये कुरकुरली की चौथा टाकायचा, चढावर आवाज जड झाला की खाली यायचं. क्लच घासला, प्लगमध्ये कचरा आला, सगळं ती आधी कानाला सांगायची. आणि मग पुण्याच्या मेव्हण्याकडून डॉक्टरांनी ही हायब्रिड आणली. पहिल्या-पहिल्या खेपेतली, रायपुरात तेव्हा अशा गाड्या बोटावर मोजण्याइतक्या. अर्धी पेट्रोलवर, अर्धी बॅटरीवर. गिअर नाही, क्लच नाही. पहिल्याच दिवशी जयस्तंभ चौकात लाल दिव्याला थांबला आणि इंजिन गप्प. शामरावच्या तोंडचं पाणी पळालं. बंद पडली समजून त्यानं किल्ली फिरवली, तेव्हा कुठं ती खरोखर बंद पडली. दिवा हिरवा झाला, मागे हॉर्नचा कल्लोळ, आणि मागच्या सीटवर डॉक्टर पोट धरून हसतायत. "अरे, मेली नाही ती, झोपली होती! झोपू दे की तिला!"

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा शामरावला आपल्या कामाची लाज वाटली. पण गडी जिद्दीचा. महिनाभरात त्यानं तिची खोड ओळखली. सगळ्या गाड्या गर्दीत पेट्रोल पितात आणि मोकळ्या रस्त्यावर देतात. हिचं सगळं उलटं. गर्दीत, थांबत-थांबत, हलका ब्रेक दाबत न्या, तर ही बॅटरीवर सरकते आणि ब्रेकमधून पुन्हा बॅटरी भरून घेते. हायवेवर मात्र तिचा तोरा उतरायचा. तिथं ती छोट्या गाडीसारखीच, वर बॅटरीचं ओझं वाहणारी. शामराव तिला फुलासारखी चालवायला लागला. होळीच्या आधी तिनं वीस दिलं, मग एकवीस. डॉक्टरांनी पाठ थोपटली.

होळीनंतर तिला कव्हर शिवलं.

त्याचं असं झालं. मागच्या सीटला लागून, दाराच्या बाजूला, एक काळी जाळी होती आणि तिच्या आत पंखा. वनमालाबाई रोज त्याच गाडीतून ब्राह्मणपाऱ्यातल्या देवळात जायच्या आणि नेमक्या त्याच बाजूला बसायच्या. "कानाशी भुंगा बसलाय सारखा," त्या म्हणायच्या. एकदा पदराच्या जरीची दशी जाळीत अडकून फाटली, तेव्हा त्यांनी हुकूमच सोडला, "शामराव, ते भोक बुजव रे बाबा आधी." नवी गाडी आली की सीटला कव्हर लागतंच, त्याशिवाय गाडी घरची वाटत नाही कुणाला. शामरावनं विचार केला, बाजारातून आणायचं त्यापेक्षा माया शिवेल.

माया तोवर बीरगांवातल्या घरी ब्लाऊज शिवायची, साड्यांना फॉल लावायची. ती रविवारी टेप घेऊन समता कॉलोनीत आली, पोर्चमध्ये गाडीत वाकून-वाकून तिनं माप घेतलं, आणि आठ दिवस खपून असं कव्हर केलं की बघत राहावं. चार पदरी सुती कापड, आत पातळ कापूस, वरून गोधडीसारखा बारीक टाका, कडेनं लाल पायपिंग. जाळीच्या बाजूला तिनं खास एक पट्टी जोडली, आतून इलॅस्टिक लावून अशी ताणून बसवली की सुरकुती म्हणून नाही. जाळीचं नावनिशाण दिसेना, भुंगाही गप्प झाला. वनमालाबाईंनी शेजारणींना बोलावून-बोलावून दाखवलं. "माया, हात आहे गं तुझ्याजवळ," असं म्हणून त्यांनी तिची ओटी भरली. कॉलोनीतून आणखी तीन गाड्यांचं काम आलं. मुलीनं, नीलिमानं, नर्सिंगच्या होस्टेलवरून सुट्टीला आल्यावर पत्र्याच्या तुकड्यावर रंगानं लिहून दिलं, 'माया सीट कव्हर', आणि शामरावनं ते दारावर ठोकलं. माया त्या पाटीकडे जाता-येता बघायची आणि आपण बघतच नाही असं दाखवायची.

आणि मग उन्हाळा तापला. रायपूरचा उन्हाळा काय सांगावा! डांबर चपलेला चिकटतं. गाडीनं अठरा दिलं, मग पंधरा, मग तेरा. लाल दिव्याला झोपणारी गाडी आता झोपेचना, घुरघुर करत उभी राहायची. शामरावनं डॉक्टरांना दोनदा सांगितलं, "साहेब, गाडी दाखवून घ्या." डॉक्टर म्हणाले, "आत्ताच तर सर्व्हिसिंग झालं." त्यानं टायरची हवा पाहिली, एसी कमी केला, पाय आणखी हलका केला. तेराचे साडेतेरा होईनात. कडुलिंबाखाली तर जत्राच भरली. "तेरा? बापा रे! इतकं तं आम्हीबी नाही खात, शामराव! घेऊन राहिला तं घे, पण हिशोबानं घे ना!" त्यांच्या लेखी तो आता कुठे त्यांच्यातला झाला होता.

मग पुण्याहून पुष्कर सुट्टीवर आला, आणि पुढचं सांगून झालंच आहे.

नोकरी गेली याचं शामरावला दुःख झालं, पण त्यानं माणूस मरत नाही. कॉलोनीतल्या चार घरी तो गेला. सगळीकडे गोड बोलले आणि कुणी ठेवलं नाही. डॉक्टर त्याच्याबद्दल वाईट काही बोलले नाहीत म्हणे. फक्त विचारणाऱ्याला "तुम्ही बघा बुवा" म्हणाले. शेवटी उरला नावाच्या कारखान्यांच्या भागात एका रोलिंग मिलमध्ये पिकअप चालवायचं काम मिळालं. सळया भरायच्या, सळया उतरवायच्या, बीरगांवातलं घर जवळ. तिथं ॲव्हरेज कुणी विचारत नव्हतं.

त्याला खाल्लं ते दुसऱ्याच गोष्टीनं. पहिल्या दिवशी त्यानं घरी येऊन सगळं सांगितलं तेव्हा मायानं ते ऐकून घेतलं. नवव्या दिवशी, दुपारी जेवताना, त्याच्या ताटात भात वाढता-वाढता तिनं खाली बघूनच विचारलं, "एक इचारू? राग नका मानू. कधी... थोडंबहुत... नीलिमाच्या ॲडमिशनच्या टाइमले?"

शामरावनं घास परत ताटात ठेवला. "काहून इचारून राहिली तू असं?"

"पोरगं म्हंते एकवीस. तुमी म्हंता तेरा. गाडी तं तेच हाय ना."

"मी नाही घेतलं, माया."

"बरं," माया म्हणाली आणि तिनं वरण वाढलं.

ती भांडली असती, रडली असती, तर त्यानं तिला पटवलं तरी असतं. पण तिनं "बरं" म्हणून विषयच मिटवला होता. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. सगळ्या कॉलोनीनं चोर म्हटलं तरी शामरावनं ते गिळलं असतं, पण आपल्या ताटात भात वाढणारी बाई मनातल्या मनात आपल्याला माफ करून बसली आहे, हे त्याला गिळता येईना. तिनं एकदा म्हणावं, तुम्ही नाही घेतलं, मला माहीत आहे. एवढंच त्याला हवं होतं. त्यानंतर चार महिने दोघं नीट बोलले, हसलेही, पण ते वाक्य काही तिच्या तोंडून आलं नाही.

नवरात्र संपून दोन दिवस झाले होते. दुपारच्या सुट्टीत शामराव उरला रोडवरच्या टपरीवर चहा पीत होता, तर समोर स्कूटर थांबली. डोमन साहू. शामरावच्या जागी डॉक्टरांकडे लागलेला ड्रायव्हर, राहणार बीरगांवचाच, गोल चेहऱ्याचा हसतमुख माणूस. स्कूटरच्या पायाशी एक फुगलेली पिशवी.

"भैया, तुम्हारे घर ही जा रहा था," साहू म्हणाला. "ये लो. भाभी के हाथ की चीज है, फेंकने का मन नहीं हुआ."

शामरावनं पिशवीत पाहिलं. लाल पायपिंग.

"काहून? काय झालं?"

साहूनं चहा मागवला, बाकावर पाय वर घेऊन बसला, आणि गंमत सांगावी तसं सांगायला लागला. त्यालाही पहिल्या महिन्यात तेराच मिळालं. "मैं तो डर गया, भैया. अभी तो मैंने कुछ किया भी नहीं था!" त्यात डॅशबोर्डवर एक लाल दिवा लागला, म्हणून गाडी सर्व्हिसला नेली. तिथल्या मेकॅनिकनं मागचं दार उघडलं आणि कपाळावर हात मारला. ती जाळी म्हणजे बॅटरीचं नाक होतं. मागच्या सीटखाली बॅटरी, तिला गार हवा त्या जाळीतूनच जाते. जाळी बुजली की बॅटरी तापते, तापली की गाडी तिला हात लावत नाही, सगळा भार पेट्रोलवर घेते. रायपूरच्या उन्हात तर विचारायलाच नको. गाडीसोबतच्या इंग्रजी पुस्तकात पहिल्या काही पानांतच लिहिलंय म्हणे. ते पुस्तक कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत जसंच्या तसं होतं.

"कव्हर निकाला, और बीस-इक्कीस चालू!" साहूनं टाळी वाजवली. "आजी नहीं मान रही थी. मैंने बोला, बैटरी की गाड़ी है, इस कपड़े से करंट लगेगा. एकदम उतर गई नीचे!"

शामरावच्या डोळ्यांसमोर ती सोमवारची सकाळ आली. बोळातली तार, वाळणारं कव्हर. पुष्करनं गाडी चालवली ते दोन्ही दिवस कव्हर तारेवर होतं.

"तू डॉक्टरले सांगतलं का हे?" शामरावनं विचारलं.

"पागल समझा है क्या?" साहू खळखळून हसला. मग जवळ सरकला. "गाड़ी इक्कीस देती है. मैं सत्रह बताता हूँ. ऊपर का मेरा. डॉक्टर साब सबको बोलते हैं, साहू आया तो गाड़ी सुधर गई, साहू ईमानदार आदमी है." त्यानं शामरावच्या मांडीवर थाप मारली आणि तो छत्तीसगढीवर आला. "तू बी भैया, गजब आदमी हस. बिना खाए बदनाम हो गे!"

शामरावला त्याचा राग आला नाही. साहू निदान खरं बोलत होता. त्यानं पिशवी उचलली, मिलमध्ये अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि टेंपो धरून समता कॉलोनीतलं क्लिनिक गाठलं.

दवाखान्यात बाकडी भरलेली होती. कंपाउंडरीण ओळखीची, तिनं दोन पेशंटच्या मधे त्याला आत सोडलं. डॉक्टर त्याला बघून चपापले आणि मग फार प्रेमानं म्हणाले, "अरे, शामराव! ये, ये. बीपी वगैरे आहे का काही?"

"नाही साहेब. गाडीचं सांगाले आलो. ते तेरा ॲव्हरेज काहून येत होतं ते समजलं. मागची जाळी आहे ना, बॅटरीची..."

"शामराव." डॉक्टरांनी हात वर केला. "सोड ना आता ते. किती दिवस मनात ठेवशील? मी तर केव्हाच विसरलो. मनापासून सांगतो, मी तुला केव्हाच माफ केलंय."

"माफ काहून करून राहिले, साहेब? मी घेतलंच नाही! गाडी बुजली होती. आता साहू तुमाले सतरा सांगते, पण खरं तं ते..."

"हे मात्र चांगलं नाही हं." डॉक्टरांचा चेहरा बदलला. "तुझं गेलं म्हणून दुसऱ्याच्या पोटावर पाय आणू नकोस. साहू लेकुरवाळा माणूस आहे. गाडी तीच, रस्ते तेच, आणि त्याच्या हातात सतरा देते. यात सगळं आलं ना?" त्यांनी घंटी वाजवली. "काही लागलं तर हक्कानं ये. मायाला नमस्कार सांग."

पुढचा पेशंट आत आलासुद्धा. शामराव पिशवी छातीशी धरून रस्त्यावर आला. अंगाची नुसती लाही झाली होती. तेरावाला चोर, आणि सतरावाला, रोज टाकीतून काढणारा, इमानदार! हसावं की डोकं आपटावं! पण बीरगांवच्या वाटेवर टेंपोत बसल्या-बसल्या डॉक्टर मागे पडला आणि सगळा राग मायावर आला. काय गरज होती तिला ती पट्टी लावायची? आणि लावली तर लावली, वर मलाच विचारते, थोडंबहुत घेतलं का! आज तिच्यासमोर हे कव्हर टाकायचं आणि म्हणायचं, घे, हा बघ तुझा चोर. तू शिवलास, आठ दिवस खपून शिवलास. वाक्य त्यानं पाठ करून ठेवलं.

घरी पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. दारातली पाटी थोडी गंजली होती. आत माया मशीनवर बसलेली, शेजारी कुणीतरी अनोळखी बाई उभी, हातात एका टॅक्सीच्या सीटचं माप. "दीदी, जैसा डॉक्टर साब के यहाँ बनाया था ना, एकदम वैसा ही चाहिए," बाई म्हणत होती. माया टेप गळ्यात टाकून हसत होती, आणि हसताना तिची मान जरा वर होती. त्याची नोकरी गेल्यापासून घरातला तांदूळ, नीलिमाचं होस्टेल, सगळं त्या मशीनवर चाललं होतं.

बाई गेली. मायाचं लक्ष पिशवीकडे गेलं. "काय आणलं?" म्हणत तिनं कव्हर ओढून बाहेर काढलं आणि तिचा चेहराच पडला. "हे तं आजीचं होय. वापस काहून केलं? खराब झालं का?" ती घाईघाईनं शिवणी तपासायला लागली, कडेनं बोट फिरवत, त्या पट्टीपर्यंत. "उसवलं का कुठी?"

पाठ केलेलं वाक्य शामरावच्या अगदी ओठांवर होतं.

"नाही," तो म्हणाला. "एक टाका नाही उसवला. त्यांनी चामड्याचं बसवलं आता. आजी म्हणाल्या, इतकं चांगलं काम फेकवत नाही, मायाले वापस द्या."

"असं म्हणाल्या?" मायानं कव्हर मांडीवर पसरलं आणि हातानं सारखं केलं. "माह्यं पहिलं काम हे. इथी दारात टांगते, नमुना म्हणून. गिऱ्हाइकाले दाखवाले बरं." मग एकदम वर बघून म्हणाली, "तुमच्याशी बोलल्या म्हंजे राग गेला त्यांचा."

शामराव तिच्यासमोर जमिनीवर बसला. एवढं एक तरी सांगून बघू, असं त्याच्या मनानं घेतलं. "माया, साहू भेटला होता. गाडीतच खराबी होती म्हणे. त्याच्यानं तेरा येत होतं."

मायाचे हात थांबले. तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा त्या बघण्यात आशा होती, हे त्याला स्पष्ट दिसलं. तिला पटायचं होतं. फार मनापासून पटायचं होतं.

"खरंच?" ती म्हणाली. "कोणती खराबी?"

"बॅटरीत होती."

"मंग..." ती अडखळली. तो आकडा तिनं किती दिवस मनात घोळवला असेल कोण जाणे. "मंग पुष्करबाबाले एकवीस कसं देल्लं? त्याच गाडीनं? त्याच आठवड्यात?"

याचं उत्तर एकच होतं आणि ते तिच्या मांडीवर होतं. पायपिंगची कड तिच्या बोटात होती. शामरावनं तोंड उघडलं. बाहेर कुणीतरी पाटी वाचून आपल्या बायकोला सांगत होतं, "यही है, माया सीट कव्हर." त्यानं तोंड मिटलं.

मायानं मान खाली घातली, सुईत दोरा ओवला, आणि आवाज अगदी हळू केला, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

"जाऊ द्या. झालं ते झालं. मी तं तेव्हाच मनातून काढून टाकलं होतं. माणसाच्या हातून होते एखाद्या टाइमले. आन् पोट्टीसाठीच केलं ना तुमी, काही दारू पेले नाही त्याची." तिनं दातानं दोरा तोडला. "फक्त आता पुन्हा नका करू."

शामरावनं त्या पट्टीकडे पाहिलं. चार महिने गाडीत ताणून बसलेली, धुतलेली, तरी अजून सुरकुती नव्हती.

"हव," तो म्हणाला.

मायानं मशीन सुरू केलं. तो उठला, कव्हराची घडी घातली, पट्टी आतल्या बाजूला जाईल अशी, आणि ते दारात टांगायला खिळा शोधायला लागला.